पत्त्याचा रकाना

प्रवेशाचा अर्ज पुढे सरकवला की ती बाई पत्त्याच्या रकान्यावर पंजा ठेवायची. "हे कोरं ठेवा हां, मॅडम." मग बाकीचा अर्ज भराभर भरून घ्यायची.

नायगावातल्या एका शाळेच्या ऑफिसात मी कारकून. ती जवळपासच्याच कुठल्याशा निवाऱ्यात कामाला होती; नेमका कुठे, ते कधी सांगायची नाही. नवऱ्याच्या मारातून सुटून आलेल्या बायका तिथे राहायच्या आणि त्यांची पोरं ती आमच्याकडे आणायची. खरं सांगते, मला ती अजिबात आवडायची नाही. रांग मोडायची, पंखा स्वतःकडे वळवायची आणि माझ्यासाठी आलेला चहा बिनदिक्कत पिऊन टाकायची. वर म्हणायची, "तुम्हाला दुसरा येईल. मला निघायचंय."

अशा एखादीशी तुमचंही कधी वाजलं असेल. आमचं तर दर खेपेला वाजायचं.

"आधीच्या शाळेचा दाखला?"

"नाय. आणि तिथे पत्रही पाठवायचं नाय. पोरगी वर्गात बसवा. दाखल्याशिवाय बसवता येतं, मला ठाऊक आहे."

ते मलाही ठाऊक होतं. पण बावीस वर्षं रजिस्टरं सांभाळलेल्या मला ही शिकवणार?

शेवटी तिने तिसरीतली एक मुलगी आणली. मुलगी फारशी बोलायची नाही. मधल्या सुट्टीत ऑफिसात यायची आणि माझ्या टेबलावरचे शिक्के ओळीत लावून ठेवायची. मला तिचा लळा लागला. तिच्या नावापुढचा 'दाखला बाकी' हा लाल शेरा बघवेना. हे तिच्याच भल्याचं, असं स्वतःला समजावत मी तिच्या जुन्या शाळेला पत्र टाकलं. आमच्या छापील कागदावर, वर शाळेच्या नावपत्त्यासकट.

दाखला आला नाही, बाप आला. शाळा सुटायच्या वेळी, इस्त्रीच्या शर्टात, हातात मुलीची वॉटरबॅग घेऊन. जुन्या शाळेत कुणीतरी त्याला माझं पत्र दाखवलं होतं. मुलीने त्याला फाटकाशी पाहिलं आणि पळत येऊन ती माझ्या टेबलाखाली शिरली.

मी फोन केला. बाई धावतच आली.

"माझी पोरगी आहे. तू कोण गं?" तो ओरडला.

"कोर्टाचा मनाई हुकूम आहे तुझ्यावर. पोलीस निघालेत. आवाज खाली."

तो शिव्या देत गेला. मग ती माझ्या टेबलाशी जमिनीवर बसली आणि मुलगी आपणहून बाहेर येईपर्यंत बसून राहिली.

"त्याला कळलं कसं?" तिने मला विचारलं.

"मी फक्त दाखला मागवला. नियमाने."

चहा समोर होता. तिने हात लावला नाही.

"हिची आई सोमवारीच कामाला लागली, मॅडम. शिवणाच्या कारखान्यात. आता तेही सोडायचं, हे शहरही सोडायचं."

"कुठे पाठवणार त्यांना?"

"तुम्हाला सांगू?"

एवढंच बोलून ती मुलीला मागच्या दाराने घेऊन गेली. त्यानंतर ती आमच्या शाळेत आली नाही. तिची पोरं दुसऱ्या कुठल्या शाळेत जात असतील. माफी मागायला मी पुष्कळदा फोन केला. ती उचलत नाही. मीही उचलला नसता.

मुलीचं दप्तर त्या दिवशी टेबलाखालीच राहिलं. माझ्या कपाटात आहे. पोचतं करावं म्हणून परवा रजिस्टर उघडलं. पत्त्याचा रकाना कोरा होता. तो कोरा बघून मला पहिल्यांदाच बरं वाटलं.