गंजक्या गाडीचा जावई

शेलूबाजारात बातमी पसरवायला सेवादास एकटा पुरतो. हायवेवरच्या त्याच्या हॉटेलात दुधाआधी बातमी उतू जाते. त्यानं एका सकाळी चहा ओतता ओतता जाहीर केलं, "गुलाबसिंगानं दुसरी आणली."

कप ओठांशी थांबले. गुलाबसिंग साठीचा. बायको गोमतीबाई देवाघरी गेलेली, मुलगा बादल ऊसतोडीला गेला तो तिकडेच रमलेला. तांड्यावरून येऊन गॅरेज टाकलेला हा माणूस एकटाच भाकरी थापतो, हे गावाला ठाऊक होतं.

"कुठली रे?"

"रिसोडची. वयानं जरा मोठी हाये. पोटात झाड उगवलं हाये. ट्रॉलीत बसून आली."

मग हॉटेल हसलं, कारण आलेली बाई नव्हती, गाडी होती. जुन्या काळची विलायती स्पोर्ट्स कार, दोन सीटांची, बिनटपाची. पत्रा इतका सडलेला की बोट लावलं तर आरपार. तळ फोडून कडुनिंबाचं हातभर रोप वर आलेलं.

आता पहिलीची गोष्ट सांगायला हवी. कारंज्याच्या एका कापसाच्या जिनिंगवाल्याकडे गुलाबसिंग ड्रायव्हर होता. मालक गेले, पोरं परदेशात, तेव्हा अशीच एक लाल गाडी त्याच्याकडे आली. देखणी, चकचकीत, पण गिअरबॉक्स मेलेला. तसला गिअरबॉक्स अकोल्यात नाही, नागपुरातही नाही. दरवर्षी दसऱ्याला तो तिला धुवायचा, झेंडूचा हार घालायचा, इंजिन सुरू करायचा. ती गरजायची आणि जागच्या जागी उभी राहायची. गाव टाळ्या वाजवून आपट्याची पानं वाटायला निघून जायचं. गोमतीबाई होती तोवर त्या दुसऱ्या सीटवर बसून तूर निवडायची आणि म्हणायची, "गाडी काहाची, पाट हाये हा." आता संध्याकाळी गुलाबसिंग एकटाच स्टेअरिंग धरून बसे. शेजारची सीट तो रोज पुसायचा. कशाला, ते सेवादासनंही कधी विचारलं नाही. एवढी लाज त्यालाही होती.

तर रिसोडला अशाच गाडीची जुळी बहीण पडलीये, असं त्याला हिवाळ्यात कळलं. रामराव नावाच्या हौशी जमीनदाराची. रामराव गेले, मुलगा पवन पुण्याला, घरात चतुराबाई एकटी. पत्रा गेलेला, पण खाली हात घालून गुलाबसिंगानं गिअर हलवला आणि त्याचा जीव वरखाली झाला. एकेक गिअर लोण्यात सुरी जावी तसा पडत होता.

"भंगारवाले येऊन गेले," चतुराबाई म्हणाली. "मी हाकलले. तोडणाऱ्याले नाही देत. तू कायले नेऊन राह्यला?"

"चालवाले, माय," गुलाबसिंग म्हणाला. एवढंच खोटं तो बोलला.

म्हातारी आत गेली. हळदकुंकू, तांदूळ, खण आणि नारळ घेऊन आली. गंजक्या बॉनेटवर कुंकू लावलं आणि सीटच्या उघड्या स्प्रिंगांवर ओटी भरली. लेक नव्हती तिला. नारळ तेवढा गुलाबसिंगाच्या हातात दिला. "घे जावईबापू. जीव लाव तिले."

इथं तो चुकला. नारळ घेतला. नारळ घेतला म्हणजे शब्द दिला, हे तांड्यातलं पोरही सांगेल.

घरी आणल्यावर पान्हा हातात घेऊन तो चारदा गाडीखाली शिरला, चारदा बाहेर आला. बॉनेटवरचं कुंकू दिसायचं. टिनाच्या शेडखाली दोन गाड्या शेजारी शेजारी, एक चालत नाही, दुसरी चालूच शकत नाही.

"दोन बायका, फजिती ऐका!" सेवादास रस्त्यावरून ओरडायचा.

उन्हाळ्यात फोन वाजला. चतुराबाई. "धोंड्याचा महिना लागला. जावयाले धोंडे खाऊ घालाव लागते. लेकीले घेऊन येजो."

गुलाबसिंग फोन ठेवून बसून राहिला. अधिक महिन्यात जावयाला पुरणाचे धोंडे जेवू घालायची रीत त्याच्या तांड्यात नव्हती. ड्रायव्हर असताना मालकाला सासुरवाडीला सोडून तो बाहेर गाडीत बसायचा, आतून तुपाचा वास यायचा. आज पहिल्यांदा आतलं बोलावणं आलं होतं. आणि जायचं तर लेक घेऊन जायचं.

दुसऱ्या दिवशी त्यानं चपला काढल्या, गंजक्या गाडीला हात जोडले आणि पान्हा लावला.

आठवड्याभरात लाल गाडी रस्त्यावर आली. सेवादासच्या हातून किटलीच पडली. पण गुलाबसिंगाला टाळ्या ऐकू आल्या नाहीत. एवढी वर्षं ज्या रस्त्याचं स्वप्न पाहिलं, तो रिसोडपर्यंत त्याला नीट दिसलाही नाही. शेजारची सीट रिकामी हलत होती.

चतुराबाई ओवाळायचं ताट घेऊन दारात उभी. लाल गाडी पाहून ताट खाली आलं.

"हे कोणाची? माही लेक कुठी हाये?"

"माय, गिअरबॉक्स तिचा हाये. बाकी तिचं... काही उरलं नव्हतं."

"तोडली."

"तोडली."

म्हातारी आत गेली. गुलाबसिंग उन्हात उभा राहिला. मग गाडीत बसला, चावीला हात लावला. निघावं, हेच खरं.

"पाय धू," आतून आवाज आला. "ताट वाढलं हाये."

आत दोन पाट मांडलेले होते. एकावर तो बसला. दुसऱ्या पाटापुढंही ताट, धोंडे, तूप. तिथं कोणी नव्हतं.

"लोखंड हाये ते, मले काय समजत नाही?" चतुराबाई म्हणाली. "पण लेक गेली त माहेरी सांगा लागते, बाबा. तूनं तेवढंही नाही केलं."

गुलाबसिंगानं हातातला घास ताटात ठेवला. तिनं पाण्याचा गडवा पुढं सरकवला.

निघताना दुसऱ्या ताटातले धोंडे तिनं फडक्यात बांधून दिले. "हे तिचे. आता धोंडा तीन वर्सानं. मी असीन का नाही, काय माहीत. दिवाळीले येजो."

"कोणाले घेऊन येऊ, माय?"

"एकटाच ये. मीही एकटीच असतो."

शेलूबाजारात सेवादास वाट अडवून उभाच होता. "काय जावईबापू, सासुरवाडीहून काय आणलं?"

"हात नको लावू," फडकं जवळ घेत गुलाबसिंग म्हणाला. एवढंच.

फडकं त्यानं शेडमधल्या सांगाड्यात, कडुनिंबाच्या बुडाशी सोडून धोंडे तिथं ठेवले. सेवादास दुसऱ्या दिवशी मुद्दाम पाहायला गेला. धोंडे मुंग्यांनी संपवत आणले होते, रोपाची माती ओली होती, आणि गुलाबसिंग लाल गाडीची दुसरी सीट पुसत होता. सेवादासनं चहाचा कप ठेवला आणि, ऐकाल तर नवल, काही न बोलता परत आला.