आवाज न येणारा अभ्यास

पत्रेवाल्याच्या घरात काम म्हणजे आवाज. बादलीचं बूड ठोकायचं तर ठणठण, पेटीची कड वळवायची तर दणदण. एखाद्या दुपारी हातोडी गप्प राहिली की शेजारी येऊन विचारत, "बरं नाही का हो?"

थोरली कॉलेजात गेली, घराण्यातली पहिलीच. शाळेत असताना ती पाठांतराने घर डोक्यावर घ्यायची आणि पत्रेवाला बायकोला म्हणायचा, "पोरगी मेहनती आहे." आता मात्र ती पुस्तक मांडीवर घेऊन नुसती बघत बसे. त्याला राहवेना.

"काय करतेस?"

"वाचतेय."

"मग ऐकू का येत नाही?"

"मनात वाचतेय, बाबा."

"मनात एक बादली ठोकून दाखव बरं मला."

सहामाहीला पास झालीस तर पुढे शीक, नाहीतर दुकानात बस, असं त्याने बजावलं. थोरलीला कॉलेज सोडायचं नव्हतं. बिचारी घसा खरवडून वाचू लागली. अर्थशास्त्र सगळ्या घराला पाठ झालं. बादली महाग का झाली, असं एका गिऱ्हाइकाने विचारलं तर पत्रेवाला म्हणाला, "मागणी वाढली."

"अहो, दुकानात मी एकटाच आहे."

"म्हणून तर किंमत थोडीच वाढवलीय."

एवढं करून थोरली चाचणीत आपटली. पत्रेवाला तेव्हा खडूने पत्र्यावर पेटीची मापं आखत होता. ती सांगायला गेली तसा त्याने हात वर केला. "गप. एक रेघ चुकली की पत्रा वाया."

रेघ पुरी होईपर्यंत ती उभी राहिली. मग बसलेल्या घशाने म्हणाली, "मी नापास झाले, बाबा. मनात वाचते तेव्हा माझीपण मापंच चाललेली असतात. कापायचं परीक्षेत."

आतून भांडी विसळता विसळता बायको म्हणाली, "द्या आता उत्तर. आणि मनात नको, मोठ्याने."

दुसऱ्या दिवसापासून ठोकाठोकी सकाळी उरकू लागली, आणि संध्याकाळी पत्रेवाला कात्री चालवायचा तीसुद्धा चोरासारखी. शेजाऱ्यांना ती शांतता सोसेना. "बरं नाही का हो?"

"बरं आहे. हळू बोला. आत मापं चाललीत."

सहामाहीला थोरली पास झाली. कॉलेज सुटलं नाही. पत्रेवाल्याने पेढ्याबिढ्यांच्या भानगडीत न पडता तिच्या पुस्तकांसाठी एक पेटी ठोकली, तीही भर दुपारी, सगळ्यांना ऐकू जाईल अशी.

हे बघून शाळेतली धाकटीही आता पुस्तक तोंडासमोर धरून भिंतीला टेकून गप्प बसते. परवा पत्रेवाला बायकोच्या कानाशी लागला. "हीपण कॉलेजात जाणार बघ. मघापासून पान उलटलं नाही, इतकं बारीक माप घेतेय."

तेवढ्यात पुस्तकामागून घोरणं ऐकू आलं.

"घ्या," बायको म्हणाली, "तुम्हाला आवाजच हवा होता ना?"