तिसरा पेला

फुकटचं शहाणपण शिकवणारी माणसं माझ्या डोक्यात जातात. म्हणून तर कॉम्प्युटर मी कुणाकडून शिकले नाही. महाडच्या एमआयडीसीत औषधांच्या कंपनीत मी पॅकिंगला. पोलादपूरहून कंपनीच्या बसने जाता-येता मोबाइलवर व्हिडिओ बघत शिकले, मग जुना लॅपटॉप घेऊन प्रोग्रॅम लिहायला लागले. घरात वहिनी कॉम्प्युटरची पदवीधर. कॉलेजात तिला प्रोग्रॅम उत्तरपत्रिकेवर पेनाने लिहायला लावायचे, हे ऐकून मी पोट धरून हसले होते. "काय गो वहिनी, पोहायलापण कागदावरच शिकवलं काय?" ती भाकऱ्या थापत राहिली.

आमच्या खात्यात एक रीत आहे. गणपतीत महाडच्या मुसलमान मैत्रिणी आमच्या शिफ्ट घेतात, ईदला आम्ही त्यांच्या. यंदा गौरी आणि ईद एकाच महिन्यात आल्या, आणि त्या अदलाबदलीचा तक्ता करता करता साहेब मेटाकुटीला आले. मला म्हणाले, "तुझ्या कॉम्प्युटरने करून दे. सोमवारी बरोबर निघाला, तर त्याच दिवसापासून टाइम ऑफिसात हजेरीच्या कामाला बस." सहा वर्षं उभ्याने खोकी भरल्यावर खुर्ची म्हणजे काय, ते ज्याचे पाय सुजतात त्यालाच ठाऊक!

रविवारी दुपारी बाजारातून छापून आणलेला तक्ता वाचला. माझ्या शेजारी काम करणारी मैत्रीण गौरीला माझी शिफ्ट करणार होती, ईदला मी तिची. तक्त्यात ती गौरीलाही कामावर, आणि ईदलाही! माझं नाव दोन्हीकडून गायब. बाकीच्या जोड्यांचंही तेच. त्यात लाइट गेलेली, लॅपटॉप बंद. प्रोग्रॅम मोबाइलमध्येही होता, पण चार्जिंग नऊ टक्के. मी रडकुंडीला आले.

वहिनी पदराला हात पुसत आली. "वन्सं, तुम्ही वाचा. मी लिहिते."

चाळीस ओळी तिने वहीत उतरवल्या, शेजारी रकाने आखले आणि स्वतःच कॉम्प्युटर असल्यागत एकेक ओळ चालवू लागली. आता इथे कुणाचं नाव, आता तिथे कुणाचं. एका ओळीवर पेन थांबलं. ती उठली, एका पेल्यात ताक आणि एकात पाणी घेऊन आली. "यांची अदलाबदल करा."

"कशी करू? तिसरा पेला दे ना!"

"मग तुमच्या प्रोग्रॅमात तिसरा पेला कुठाय?"

अगं बाई! माझ्या जागेवर मी मैत्रिणीचं नाव लिहीत होते, पण त्याआधी माझं नाव कुठे बाजूला ठेवतच नव्हते. ते पुसलं जायचं, आणि तिच्या जागेवर लिहायला तिचंच नाव उरायचं. कॉलेजात हे पहिल्या आठवड्यात शिकवतात म्हणे. मी मोठमोठे व्हिडिओ पाहिले आणि पहिलाच धडा ओलांडून पुढे गेले. आपलं आपण शिकताना काय राहून गेलं, ते सांगणार कोण?

चार वाजता लाइट आली. चूक सुधारली, तक्ता अचूक निघाला. सोमवारी साहेबांनी त्यावरून तीनदा बोट फिरवलं आणि खुर्ची दाखवली. मैत्रिणीची ईद वाचली. वहिनीचे उपकार या जन्मी फिटायचे नाहीत.

संध्याकाळी पेढे घेऊन घरी आले आणि ती वही उघडली. पानाच्या खाली लाल पेनाने गुण दिलेले, दहापैकी सात.

"अगं, तीन कशाचे कापलेस?"

वहिनीने पेढा हातातच धरला. "चार वर्षं मी या घरात आहे, वन्सं. एकदा तरी मला विचारलंत?"

आई म्हणते, हिचं तोंड नाय, पट्टा हाय. पण त्या पट्ट्याने चार वर्षांत वहिनीला एक प्रश्न विचारला नव्हता. लाज वाटली, खरंच वाटली. मी म्हणाले, "वहिनी, मला पहिल्या धड्यापासून शिकवशील?"

"शिकवीन की." तिने पेढा तोंडात टाकला. "आधी चहा ठेवा."

मी उठले आणि चार वर्षांत पहिल्यांदा तिच्यासाठी चहा ठेवला.