मर्जी असेपर्यंत

चेन्नईजवळच्या आवडी गावातल्या एका संरक्षण कचेरीत मी अठरा वर्षं कारकून आहे, आणि स्वभावाने भित्रा. भित्रा माणूस सभेत उभा राहिला की जरा जास्तच शूर होतो. आमच्या तंजावरी मराठी मंडळींनी प्रजासत्ताक दिनाला 'पंतप्रधानांचे अधिकार' या विषयावर मला बोलायला उभं केलं. कारण काय, तर मी 'सरकारातला'. मी छाती काढून सांगितलं, "पंतप्रधान म्हणजे राजा नव्हे, प्रधान. राजवाड्यात मर्जी चालायची ती राजाची. इथे राजाच नाही. लोकसभा आहे, कोर्ट आहे, कायदा आहे. मर्जीचे दिवस गेले!" टाळ्या पडल्या. मलाही माझं बोलणं फार आवडलं.

तिसऱ्या आठवड्यात टेबलावर मेमो येऊन पडला. भाषणाचा तुकडा कुणीतरी मोबाइलवर फिरवला होता, खाली तमिळमध्ये ओळ टाकून: राजा नाही, नुसता प्रधान. सरकारी नोकराने सरकारवर जाहीर टीका केल्याबद्दल कारवाई का करू नये, याचा खुलासा दहा दिवसांत द्यावा. नोकरी गेली तर सरकारी क्वार्टर जाणार, आणि गुडघ्यांनी जेरीस आलेल्या म्हाताऱ्या आईला घेऊन आम्ही दोघं नवराबायको जाणार कुठे?

घरी येऊन नियमांची पुस्तकं काढली. इतर सरकारी नोकरांना घटनेने जी ढाल दिली आहे, ती संरक्षण खात्यातल्या आम्हा कारकुनांना नाही. संरक्षण खातं, आणि संरक्षण तेवढं नाही! आईला इंग्रजी येत नाही, म्हणून तिला मराठीत वाचून दाखवलं: आमची नोकरी 'राष्ट्रपतींची मर्जी असेपर्यंत'.

आईचे पणजोबा तंजावरच्या राजवाड्यात लेखनिक होते. मर्जी म्हणजे काय, ते तिला पुस्तकातून शिकावं लागलं नाही.

"अय्यो, मर्जी? मग सभेत मर्जी गेली म्हणून कशास सांगितलास?"

"अम्मा, तो नुसता कायद्यातला शब्द आहे. राष्ट्रपती आपल्या मनाने काही करत नाहीत. मंत्री सल्ला देतात, त्याप्रमाणे होतं."

"आणि त्या मंत्र्यांत मोठा कोण?"

मी पुस्तक मिटलं.

"सरि, बरं," ती म्हणाली, "म्हणजे प्रधानाचीच की."

घटनेची ढाल नसली तरी खात्याच्या नियमांप्रमाणे चौकशी केल्याशिवाय काढता येत नाही, कोर्टात जाता येतं, हे सगळं मला पाठ होतं. सभेत तेच तर सांगितलं होतं. पण पंख्याखाली पडल्या पडल्या त्यातलं एकही वाक्य उपयोगी पडेना. रस्त्यावर जीप थांबली की उठून खिडकी लावून घ्यायचो. मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपमधून मी बाहेर पडलो. बायको म्हणाली, "चूक काय केलीत ते तरी सांगा." मी पुन्हा नियमांचं पुस्तक उघडलं.

दहाव्या दिवशी खुलासा दिला. माझ्या बोलण्याचा तसा अर्थ नव्हता, सरकारबद्दल मला नितांत आदर आहे, पुन्हा जाहीर बोलणार नाही. 'नितांत' मी आपणहून घातलं.

साहेबांनी कागद वाचला, फाइल बंद केली आणि मला बसायला सांगितलं. मी धीर करून विचारलं, "सार, तक्रार दिल्लीहून आली होती का?"

"छे हो. कुणाचीच तक्रार नाही," ते इंग्रजीत म्हणाले. "मला व्हिडिओ आला. उद्या वरून कुणी विचारलं तर? म्हणून मेमो काढून ठेवला." आणि दाराकडे बघून हळूच म्हणाले, "मलाही दोन मुली आहेत."

म्हणजे मला घाबरवायला पंतप्रधानांना बोटसुद्धा हलवावं लागलं नव्हतं. त्यांचे अधिकार जिथे संपतात तिथून पुढचं काम आम्हीच करत होतो. हे कळल्यावर भीती जायला हवी होती. उलट वाढली, कारण कोर्टात जायचं तरी कुणाविरुद्ध?

गेल्या सोमवारी जेवणाच्या सुट्टीत शेजारच्या टेबलावरच्या बाई नव्या सरकारी निर्णयाबद्दल तावातावाने बोलत होत्या. बोलणं शंभर टक्के खरं होतं. मी डबा तसाच ठेवून उठलो आणि खोलीचं दार लावून घेतलं.

"हळू बोला," मी म्हणालो.

तसं सांगायला मला कुणीही सांगितलं नव्हतं.