पाणक्याची सायकल

माझा धाकटा भाऊ सायकलच्या शर्यतीत उतरतो असं सांगितलं की लोक हमखास विचारतात, किती जिंकल्या? मग मला समजावत बसावं लागतं की बाबांनो, तो जिंकायला उतरतच नाही. त्याला पगारच दुसऱ्याला जिंकवायचा मिळतो. संघाचा कप्तान पहिला यावा म्हणून बाकीच्यांनी राबायचं, असा त्या धंद्याचा न्याय आहे. कप्तानाच्या पुढे राहून वारा अंगावर घ्यायचा, मागे संघाच्या गाडीपाशी जाऊन पाण्याच्या बाटल्या जर्सीत कोंबायच्या आणि धापा टाकत पुढे नेऊन वाटायच्या. संघात त्याला सगळे पाणक्याच म्हणतात. त्याला त्याचं काही वाटत नाही. मला वाटतं.

लहानपणापासून हा असाच. स्वतःची छत्री कुणाला तरी देऊन नखशिखान्त भिजून घरी यायचा आणि वर, त्याच्याकडे नव्हती ना ताई, हे मलाच ऐकवायचा. कप्तानाने त्याला संघात घेतलं तेही उंची सारखी म्हणून. कप्तानाची सायकल ऐनवेळी बिघडली तर याची त्याला चपखल बसावी. म्हणजे माझा भाऊ हा चालताबोलता सुटा भाग. हे तो मला अभिमानाने सांगतो आणि मी कपाळावर हात मारून घेते.

वर्षातून एकदा ती मोठी शर्यत आमच्या घराजवळच्या चौकात संपते. असते एकाच दिवसाची, पण दगडी रस्ते, चढ आणि वारा यांनी निम्मे लोक वाटेतच गळतात. हाही दरवर्षी गळायचा. शेवटच्या चढापर्यंत कप्तानाला पोचवलं की याचं काम संपलं, मग मुकाट्याने गाडीत बसायचं. शेवटची रेषा त्याने कधी ओलांडलीच नव्हती. यंदा त्याचं शेवटचं वर्ष. आईला म्हणाला, "या खेपेला तू रेषेपाशी थांब. कितवा का होईना, पण येतो."

आईची नेहमीची तक्रार, की हेल्मेट नि चष्म्यात सगळे एकसारखे दिसतात. म्हणून त्याने हँडलला जांभळी पट्टी गुंडाळली. जांभळं दिसलं की मी, असं तिला बजावून गेला.

आम्ही सकाळपासून कठड्याला चिकटून उभ्या. दुपारी लांबून गलका झाला आणि एकटाच एक जण वळणावरून सुसाट आला. हँडल जांभळं. आईने शेजारच्या अनोळखी बाईला मिठीच मारली. "माझा मुलगा! पहिला आला!" मी तोंड पाहिलं. कप्तान होता. शेवटच्या चढाच्या पायथ्याशी त्याची साखळी तुटली आणि साथीदाराने आपली सायकल दिली, असं ध्वनिक्षेपकावरून सांगितलं. साथीदाराचं नाव घ्यायची तसदीही घेतली नाही. माझ्या डोक्यात तिडीक गेली.

आईला सगळं समजावून सांगितलं. ती म्हणाली, मग त्या माणसाला म्हणावं सायकल परत दे. तो बसला असेल गाडीत, घरी चल, असं मी तिला परोपरीने सांगितलं. पण येतो म्हणालाय, या एका वाक्यावर ती अडून बसली. गर्दी पांगली. रेषा गाठायची मुदत संपली. निकाल फलकावर लागला, कठडे टेम्पोत चढले, रस्ता वाहनांना मोकळा झाला. माझे पाय भरून आले होते आणि आई जागची हलायला तयार नव्हती.

आणि तो आला. गाडीतली राखीव सायकल त्याला इतकी ठेंगणी की गुडघे हँडलला लागत होते. पाठीवर नंबर नव्हता. उशीर झालेल्यांना गोळा करणाऱ्या गाडीने तो काढून घेतला होता, आणि हा गाडीत न बसता तसाच पुढे आला होता. रेषेच्या जरा अलीकडे सिग्नल लागला. लाल. आडव्या रस्त्याला चिटपाखरू नाही, आणि हा शहाणा पाय टेकवून उभा. मी ओरडले, अरे ये ना! त्याने सिग्नलकडे बोट दाखवलं. अशा माणसाचं करायचं काय?

हिरवा झाल्यावर एक बस आणि एक पार्सलची व्हॅन यांच्या मधून त्याने रेषा ओलांडली. आईने टाळ्या वाजवल्या. तो उतरला आणि श्वास घ्यायच्या आत त्याने मला विचारलं, कप्तान जिंकला का?

"जिंकला," मी म्हणाले. "तुझ्या सायकलवर."

त्याचा चेहरा असा खुलला की मला संताप आवरेना. सकाळपासून साठवलेलं सगळं आता त्याला सुनावायचंच, असं मी ठरवलं. तेवढ्यात त्याची नजर फलकाकडे गेली. माणसं तो उतरवत होती. आणि ज्याने जन्मात स्वतःसाठी काही विचारलं नाही, तो खालच्या आवाजात म्हणाला, "आणि मी? माझं धरलं का गं त्यांनी?"

फलकावर त्याच्या नावापुढे 'शर्यत सोडली' असं लिहिलेलं मी केव्हाच वाचलं होतं. एरवी याला खरं सुनावताना माझी जीभ कधी अडखळत नाही.

"नाही रे," मी म्हणाले, आणि पुढचं एकही वाक्य मला आठवेना.