कचेरीची मालकीण

रोस्निदार, आमच्या सगळ्यांच्या एतेक म्हणजे मावशी, कचेरीच्या पायरीशी चपला काढायच्या. भिंतीला ओल आली का, ते तळहाताने बघायच्या. रिकाम्या खोलीतला दिवा मालवायच्या. मग बाकावर बसून माझ्याबरोबर केळ्याची भजी खायच्या. मी तिथे लोकांचे अर्ज लिहून देतो.

त्या निवृत्त शिक्षिका. नवरा गेलेला, मुलं जकार्तात. साठवलेले पैसे त्यांनी सरकारी सुकूकमध्ये, म्हणजे बिनव्याजी रोख्यांत, घातले होते. आम्हा मुसलमानांत व्याज चालत नाही. म्हणून सरकारने आमच्या पायाकुंबुह शहरातली ही कचेरी सुकूक घेणाऱ्यांना विकली आणि त्यांच्याकडूनच भाड्याने घेतली. त्या हजारो मालकांत एतेकही एक.

"मालकीणबाई, भाडं थकलं का आमचं?" रखवालदार शाफ्रिझाल विचारायचा.

"भाडं वेळेवर येतं. तूच तेवढा झोपलेला असतोस."

या महिन्यात सुकूकची मुदत संपणार होती. पैसे परत मिळणार, इमारत पुन्हा सरकारची होणार.

"नवे सुकूक घेतले तर हीच कचेरी मिळेल का रे?" त्यांनी मला विचारलं.

"दुसरी मिळेल, एतेक. कदाचित दूरच्या बेटावरची."

"मग सकाळी मी जायचं कुठे?"

मी भज्यांचा कागद त्यांच्यापुढे सरकवला.

दुसऱ्या दिवशी त्या हिरव्या रंगाचा डबा घेऊन आल्या. "परत देताना नीट करून द्यावी," म्हणाल्या. कचेरीच्या साहेबांनी हसून होकार दिला.

काल त्या आल्या नाहीत. शेजारणीने त्यांच्या घराचं दार उघडलं, तेव्हा कळलं की रात्री झोपेतच त्या गेल्या.

पुढचा कठडा अर्धा हिरवा झाला आहे. उरलेला गंजलेलाच आहे.