दोन नाड्यांचा रथ

साताऱ्याहून सकाळी निघालो तेव्हा माझ्या पिशवीत एक धुतलेला सदरा आणि चार पानी हरकत अर्ज होता. आष्ट्याजवळच्या माझ्या गावी रथोत्सव होता. गतवर्षी रथ देवळाच्या वळणावर अडकला. त्यावरून यात्रा समितीने ठराव केला, की यंदाही अडकल्यास नाडे (जाड दोर) सोडून ट्रॅक्टर जोडावा आणि पुढे कायम ट्रॅक्टरच ठेवावा. उजवा नाडा आमच्या वरच्या गल्लीचा, डावा खालच्या गल्लीचा, ही पिढ्यान्‌पिढ्यांची वहिवाट. ती एका ठरावाने बुडते कशी? हयातभर न्यायालयात लोकांच्या वहिवाटी लढवल्या. ही माझी स्वतःची होती.

मलकापूरला रस्त्याच्या कामामुळे एसटी वळसा घेत घेत पुन्हा पहिल्याच चौकात आली. मी कंडक्टरला जाब विचारला.

"काका, फिरलो लय," तो घाम पुसत म्हणाला, "पर पुढं न्हाई गेलो."

इतका संतापलेलो असतानाही मला हसू आले. अंतर आणि विस्थापन यांतला फरक शाळेत चौगुले सरांनी आम्हांला नेमका असाच सांगितला होता.

पेठ नाक्यावर उतरून अख्खा मसूर (सबंध मसुराची झणझणीत आमटी) आणि रोटी खाल्ली. समोर ऊस वाऱ्याने एकाच बाजूला कलला होता. त्याच्याकडे पाहताना शाळा आठवत राहिली. सरांनी एकदा सगळा वर्ग रथखान्यात नेला होता. बाकड्याला दोन दोर बांधून एक माझ्या हाती दिला, दुसरा खालच्या गल्लीतल्या शंकरच्या. एका दिशेने ओढले तेव्हा बाकडे धावले. विरुद्ध दिशांना ओढले तेव्हा जागचे हलले नाही. दोघेही लालबुंद झालो होतो.

"दोघांनी जीव तोडून ओढलं," सर म्हणाले, "मग बळ गेलं कुठं?"

मग ते म्हणाले, "दूध किती तापलंय ते सांगायला आकडा पुरतो, ती अदिश राशी. ओढ सांगायची तर आकडा हवा आणि दिशाही हवी, ती सदिश. दोन ओढींमधला कोन जेवढा रुंद, तेवढी त्यांची बेरीज कमी."

गावच्या थांब्यावर शंकरच उभा होता. फौजेतून निवृत्त होऊनही त्याची पाठ ताठ होती.

"आला का कोर्टाचा तोफखाना?" त्याने पिशवी हिसकून घेतली. "काय भरलंय रं हिच्यात?"

"हरकत अर्ज आहे. चार पानांचा."

"ट्रॅक्टर काय वाचतोय व्हय?"

तिसऱ्या प्रहरी रथ निघाला. उजव्या नाड्याच्या टोकाला मी, डाव्याच्या टोकाला शंकर. सरळ रस्त्यावर रथ डुलत आला. वळणावर करकरला आणि थांबला. दोनदा जोर लावला, तरी चाक हलले नाही. मागे ट्रॅक्टरचे इंजिन सुरू झाले. तो आवाज ऐकताच माझा तोल सुटला. समितीच्या अध्यक्षांसमोर उभा राहून मी वहिवाट, नोटीस, मनाई हुकूम असे सगळे त्यांना ऐकवले.

"आवं वकीलसाहेब," अध्यक्ष हात जोडून म्हणाले, "दिवस मावळायच्या आत देव जाग्यावर न्यायचाय."

देवळाच्या पायरीपाशी खुर्चीत चौगुले सर बसले होते. नव्वदीला टेकलेले, पण आवाज वर्गातलाच.

"बाळ, रागाचं परिमाण कळलं. दिशा कुठली?"

मी वळून पाहिले. देवळापुढे रस्ता एकदम ऐसपैस होतो. तिथे प्रत्येक गल्ली मानाने आपापल्या गटारीची कड धरून उभी होती आणि नाडे उघड्या कात्रीसारखे फाकले होते. बळ कुठे जात होते, ते समोरच दिसत होते.

मी मोठ्याने जाहीर केले, "वहिवाट नाडा धरण्याची आहे! रस्त्याची कड धरण्याची नाही! कोणत्याही जुन्या कागदात कडेचा उल्लेख नाही!"

"मग ये की मधी!" शंकर ओरडला. "कवापास्नं वाट बघतोय!"

वरची गल्ली डावीकडे सरकली, खालची उजवीकडे. नाडे जवळ आले. माणसे एकमेकांच्या कोपरांत अडकली, कोणीतरी कोणाच्या तरी सात पिढ्या उद्धरल्या. मग शंकरचा खांदा माझ्या खांद्याला भिडला आणि आम्ही ओढले. चाकाखालचा खडा फुटल्याचा आवाज आला. रथ वळला. ट्रॅक्टरवाल्याने आपण होऊन इंजिन बंद केले आणि तोही नाड्याला येऊन लागला.

दुसऱ्या दिवशी थांब्यावर शंकरने विचारले, "पुढल्या वर्षी कुठली बाजू मागणार, वकील?"

"उजवीच. हक्क सोडणार नाही." एसटीत चढता चढता मी म्हणालो, "मात्र उभा मधे राहीन."

घरून निघून घरीच परतणाऱ्याचे विस्थापन शून्य, असे सरांनी शिकवले होते. तळहात सोललेले होते आणि डावा खांदा ठणकत होता. साताऱ्यापर्यंत मी त्या शून्याविरुद्ध मनातल्या मनात हरकत नोंदवत आलो.